खर्ऱ्याचा डाग आणि पाण्याचा डाग

विदर्भातल्या खेड्यात कोणाच्या दातांवर तपकिरी रंग दिसला की निदान पारावरच होऊन जाते : हा खर्रा खातो. पुष्कळदा ते खरेही असते. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी जामणी या भागातल्या किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत, पानठेल्याकडे कधी फिरकलेही नाहीत अशा मुलामुलींवर हाच ठपका बसतो. शाळेत गुरुजी त्यांना दात घासून यायला सांगतात आणि मुलगी पाहायला आलेले पाहुणे ती हसली की आपसांत नजरानजर करतात. दुसरीकडे, डाग कसलाही असो, दवाखान्यात येणाऱ्याची मागणी एकच असते : ‘ब्लीचिंग करून द्या.’ दंतवैद्य म्हणून या दोन्ही गैरसमजांना मी पुरता कंटाळलो आहे, म्हणून खर्ऱ्याचा डाग आणि फ्लोराइडच्या पाण्याचा डाग हे दोन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहू.

खर्ऱ्याबद्दल इथल्या वाचकाला मी फार सांगण्याची गरज नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा ऐवज ज्या गालात धरला जातो, त्या बाजूच्या दातांवर रंग अधिक चढतो. तो दोन दातांच्या फटीत, जिभेकडच्या बाजूला आणि हिरडीलगत साचलेल्या किटणावर बसतो, म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर राहतो. चहा, मिश्री आणि विडी यांचे डागही याच जातीचे. दवाखान्यात स्केलिंगच्या यंत्राने किटण काढून वर पॉलिश केले की यातला बहुतेक रंग निघून जातो. ‘साफ केल्याने दात हलायला लागतात’ ही समजूत मात्र कोणी कायमची पुरून टाकली तर बरे होईल. यंत्र दात हलवत नाही. वर्षानुवर्षे हिरडी आणि हाड खाऊन टाकणाऱ्या किटणाने दात आधीच सैल केलेला असतो आणि तेच किटण त्याला आधार देत असल्याचा भास होत असतो. खिशात पुडी असलेल्या माणसाचे दात पांढरे करून देण्यास मी सरळ नकार देतो, आणि त्याच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात का ते आधी पाहतो, कारण तोंड कमी उघडू लागणे हे दातांच्या रंगापेक्षा फार गंभीर लक्षण आहे.

खरी अडचण दुसऱ्या डागाची आहे. बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल आणि मूल लहान वयात तेच पाणी पीत असेल, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या पक्क्या दातांचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, नीट पक्के होत नाही आणि त्यात सूक्ष्म छिद्रे राहून जातात. अक्कलदाढा सोडल्या तर पक्क्या दातांचे इनॅमल साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत घडून होते, आणि वरच्या समोरच्या दातांच्या दृष्टीने पहिली तीन वर्षे सर्वांत नाजूक असतात. म्हणून तिशीत बदली होऊन त्या गावात आलेल्या ग्रामसेवकाने तेच पाणी कितीही वर्षे प्यायले तरी त्याच्या दातांवर हे डाग येत नाहीत, त्याच्या तिथेच वाढलेल्या लेकरांच्या दातांवर मात्र येतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी 1901 मध्ये दवाखाना थाटणाऱ्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला हेच कोडे पडले होते : तिथे जन्मलेल्यांचे दात तपकिरी, मोठेपणी येऊन राहिलेल्यांचे मात्र स्वच्छ. त्याने पाण्यावर संशय घेतला, पण पाण्यातला दोषी पदार्थ फ्लोराइडच आहे हे 1931 मध्ये चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्याचे पृथक्करण केल्यावर उघड झाले.

आता माणसे नेमकी कुठे फसतात ते पाहा. अशा मुलाचा दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा तो तपकिरी नसतोच. तो खडूसारखा, निस्तेज पांढरा असतो. तपकिरी छटा पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी चढते, कारण त्या छिद्रांतून तोंडातले रंग आत झिरपतात आणि तिथेच मुरतात. आईला दिसते ते एवढेच, की दात पांढरा आला आणि नंतर खराब झाला; आणि त्यावरून ती काढते तो निष्कर्ष वरकरणी अगदी सयुक्तिक असतो, की पोरगा घासत नाही. रंग उशिरा दिसला म्हणून कारणही उशिराचेच असले पाहिजे, हा तर्क इथे लागू पडत नाही. दोष दात दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी घडून गेलेला असतो, रंग तेवढा नंतर येतो. अशा मुलाला राखुंडीने किंवा गेरू घातलेल्या लाल मंजनाने बोटभर घासायला लावणे म्हणजे आधीच कच्च्या असलेल्या कवचाला आणखी खरवडणे होय.

ओळखण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. कापसाच्या बोळ्याने दात पुसून त्यावर हवा मारली की फ्लोराइडच्या दातावर आडव्या पांढऱ्या रेघा आणि ढगांसारखे ठिपके अधिकच उठून दिसतात, कारण छिद्रांतले पाणी उडून तिथे हवा भरते. या खुणा जोडीने असतात : उजव्या दातावर जशी रेघ, तशीच त्याच उंचीवर डाव्या दातावर. खर्ऱ्याचा डाग अशी शिस्त पाळत नाही, तो हत्याराच्या टोकाखाली सुटतो आणि पन्नीतला ऐवज ज्या गालात राहतो त्याची चुगली करतो. जोडीविना एकच दात काळपट पडला असेल तर दोन्हींपैकी काहीच नाही. लहानपणी सायकलवरून पडल्याने किंवा बैलाचे शिंग लागल्याने त्या दाताची आतली नस मेली असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याची वाट रूट कॅनॉलकडे जाते.

पाण्याबद्दलही एक खुलासा करून ठेवतो. ‘आमचे पाणी गोड आहे, मग डाग कसे?’ असे विचारले जाते. खारटपणा इतर क्षारांचा असतो. एवढ्या प्रमाणातल्या फ्लोराइडला चव नसते, रंग नसतो, वास नसतो. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते, आणि हे तपासणीशिवाय कळत नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच विकसित केली आहे, पण तिच्यात मात्रा मोजून द्यावी लागते. माठात तुरटीचा खडा फिरवणे म्हणजे ती पद्धत नव्हे.

आता ब्लीचिंगकडे येऊ. ते दाताचा थर खरवडत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून आत शिरून रंगाच्या मोठ्या रेणूंचे तुकडे करते आणि दात उजळ दिसतो. दवाखान्यात हिरडीवर संरक्षक लेप देऊन साधारण 25 ते 40 टक्क्यांचे द्रावण वापरतात, घरी दातांच्या मापाच्या साच्यातून लावायला 10 टक्क्यांच्या आसपासचे कार्बामाइड पेरॉक्साइड देतात. माझा कल घरच्या साच्याकडे आहे. त्याला दोन-चार आठवडे लागतात, पण दात कमी ठणकतात. निळ्या दिव्याच्या झगमगाटाने निकालात फारसा फरक पडत नाही, फक्त बिलात पडतो. किटणावर ब्लीचिंग करणे निरर्थक आहे, म्हणून स्केलिंग आधी आणि दातांची खरी छटा त्यानंतर पाहायची. ‘पैसे देल्ले, पण डाग तं तसेच हायेत’ ही तक्रार बहुधा इथेच जन्म घेते : पाण्याचा डाग असलेल्याने फक्त स्केलिंग करून घेतलेले असते.

फ्लोराइडच्या डागांत तपकिरी भाग ब्लीचिंगने फिकट होतो, खडूसारखा पांढरा भाग होत नाही. उलट सुरुवातीच्या दिवसांत तो अधिकच ठळक दिसतो, आणि हे आधी न सांगणाऱ्या डॉक्टरवर माझा राग आहे. अशा दातांना सौम्य आम्ल आणि प्युमिसने अगदी वरचा थर घासून काढणे, किंवा छिद्रांत पातळ रेझिन भरणे, हे उपाय अधिक लागू पडतात. खड्डे पडलेल्या दातांवर दाताच्या रंगाचे कंपोझिट बसवावे लागते, पण ब्लीचिंग केले असल्यास त्यानंतर साधारण दोन आठवडे थांबून, कारण दातात अडकलेला प्राणवायू त्याची पकड कमी करतो आणि रंगही तोवर स्थिरावतो. जुन्या कॅपचा आणि सिमेंटचा रंग पेरॉक्साइडने बदलत नाही, हेही पैसे मोजण्यापूर्वीच विचारून घ्यावे. लिंबू आणि खाण्याच्या सोड्याने घासण्याचा सल्ला देणाऱ्या शेजारणीचे मात्र ऐकू नये : लिंबाच्या आम्लाने इनॅमल विरघळते, ते पुन्हा उगवत नाही, आणि खालचे पिवळे डेंटिन वर दिसू लागते.