मनोरा कलला नव्हता, तरी पडला

जुना मनोरा म्हटला की पिसा आठवतो, आणि जो कललेला तोच धोक्याचा असं वाटतं. प्रत्यक्षात पिसाचा मनोरा जानेवारी १९९० मध्ये पर्यटकांसाठी बंद झाला, त्याला निमित्त झाला दुसराच मनोरा. इटलीतल्याच पाविया शहराचा, अकराव्या शतकापासून उभा असलेला नगर-मनोरा १७ मार्च १९८९ च्या सकाळी कोसळला. चार माणसं गेली. भूकंप नाही, वादळ नाही. बॉम्बचाही संशय घेतला गेला.

ढिगाऱ्यातले तुकडे मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये तपासले गेले आणि लक्ष गेलं ते भिंतीच्या आतल्या भागाकडे. भिंती चांगल्या अडीच मीटरहून जाड. पण बाहेर विटांची पातळ कातडी आणि मध्ये दगड-विटांचे तुकडे चुन्यात टाकून केलेला भराव. त्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस ग्रॅनाइटचं अवजड घंटाघर चढवलं गेलं.

आता गंमत पाहा. भार खाली दाबतो, तडे मात्र उभे पडतात. कारण दाबलेली वस्तू आडवी फुगते. ठासून भरलेल्या पोत्याची शिवण जशी बाजूला उसवते, तसा भराव बाहेरच्या विटांना ढकलतो. दगड, वीट, चुना दाब उत्तम सोसतात. ताण, म्हणजे ओढ, जवळजवळ नाहीच. शिवाय हे फुगणं एकदा होऊन थांबत नाही. मोडण्याच्या भारापेक्षा बराच कमी भारही कायम राहिला, तर भिंत वर्षानुवर्षं किंचित दबत जाते. याला क्रीप म्हणतात. आधी वेग मंदावतो, मग शतकानुशतकं जवळपास एकसारखा राहतो, आणि बारीक तडे एकमेकांना मिळाले की अचानक वाढतो. उन्हाळा-हिवाळ्याचं प्रसरण-आकुंचन आणि घंटांचे हादरे त्याला हातभार लावतात. म्हणजे ‘नऊशे वर्षं उभा आहे, आता काय होणार?’ हा युक्तिवाद उलटाच आहे. आपल्याकडे गूळ-उडदाच्या चुन्यामुळे जुनी बांधकामं अमर झाल्याचे संदेश फिरतात, त्यांनाही हेच उत्तर.

भिंत किती दाबाखाली आहे, हे न पाडता कळतं. विटांमधला एक आडवा सांधा कापायचा. दाबामुळे फट किंचित मिटते. तिच्यात पातळ, चपटा जॅक (तेलाच्या दाबानं फुगणारी धातूची पिशवी) सरकवून तेल भरायचं. फट पूर्ववत झाली की जॅकमधला दाब म्हणजे, आकड्यात थोडी सुधारणा करून, भिंतीतला दाब.

उपायही याच समजुतीतून निघतात. आडवं फुगणं रोखायला पोलादी पट्ट्या किंवा आरपार सळया. भरावातल्या पोकळ्यांत ग्राउट, म्हणजे आत भरायचं पातळ मिश्रण. सिमेंट शक्यतो नको: ते चुन्यापेक्षा ताठ असतं आणि त्यातले क्षार जुन्या बांधकामाला बाधतात. चुन्याचाच ग्राउट, खालून वर, आणि दाब कमीच. जोरात भरला तर आधीच सुटत आलेली बाहेरची भिंत आपणच ढकलून देऊ.