ब्राझीलवर पैज लावण्याआधी

जून लागला की मालवणच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झाप नाहीतर निळं प्लास्टिक चढतं आणि मासेमारी बंदी सुरू होते. जाळी सांधायला हात लागतात, तोंड मोकळंच असतं. फुटबॉलचा विश्वचषक बहुतेकदा नेमका याच दिवसांत येतो (2022 चा कतारमधला नोव्हेंबर-डिसेंबरात झाला, तो अपवाद), त्यामुळे चार वर्षांतून एकदा मांगरामांगरांत, म्हणजे जाळी-अवजारं ठेवायच्या खोपटांत, वाद रंगतात. गोव्याला लागून असलेल्या बांदा-सावंतवाडीकडे तर विचारूच नका. "ह्या वर्साक ब्राझीलच, लिवन घे," असं कोणीतरी ठोकून देतो, दुसरा मेस्सीचं नाव काढतो आणि पुढचा तासभर कोणी कोणाचं ऐकत नाही.

अशा वेळी एकच विचारावं: शंभरातले किती? ब्राझीलवाला नव्वदच्या खाली येत नाही. संख्याशास्त्र्याला विचारलंत, तर स्पर्धेतल्या सर्वांत तगड्या संघालाही तो साधारण पंधरा ते वीस देईल. म्हणजे अगदी पहिल्या नंबरच्या संघावर पैज लावली, तरी पाचांतल्या चार वेळा ती बुडणार. हा आकडा इतका लहान का, याचं कारण खेळाडूंच्या पायांत कमी आणि गोलांच्या संख्येत जास्त आहे.

कतारच्या विश्वचषकात 64 सामने झाले आणि गोल पडले 172. सामन्याला सरासरी 2.7, तेही दोन्ही संघांचे मिळून. दीड तासात पन्नास वेळा चढाई होते आणि हाती लागतात एक-दोन गोल. खडकावर बसून गरी टाकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवसाला सरासरी दोन मासे मिळत असले, तरी आज एकही नाही आणि उद्या चार, असं चालायचंच. मोसम तोच, आमिष तेच, माणूसही तोच. प्रत्येक वेळी शक्यता थोडी आणि प्रयत्न पुष्कळ असले की एकूण संख्या कशी वरखाली होते, याचं सूत्र फ्रेंच गणिती प्वासाँ याने 1837 मध्ये मांडलं. पुढे 1898 मध्ये बोर्टकिएविच या संख्याशास्त्र्याने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने दरवर्षी किती सैनिक मरतात, याची नोंद त्या सूत्राला लावून पाहिली आणि ती चपखल बसली. आज तेच सूत्र गोल मोजायला वापरतात.

ते वापरून एक हिशोब करू. एक संघ दुसऱ्यापेक्षा बरोब्बर दुप्पट ताकदीचा धरा: एकाचे सरासरी 1.8 गोल, दुसऱ्याचे 0.9. सूत्रात घातलं, तर दुप्पट ताकदीचा संघ शंभरातले सुमारे 59 सामने जिंकतो, 23 बरोबरीत सुटतात आणि 18 तो चक्क हरतो. दुप्पट ताकद असून!

आता हीच गोष्ट कबड्डीत पाहा, जी आपल्याकडे वाडीवाडीत खेळतात. तिथेही दुप्पट ताकद धरू: एकाचे सरासरी 40 गुण, दुसऱ्याचे 20. त्याच सूत्राने दुबळा संघ जिंकण्याची शक्यता शंभरात एकही भरत नाही. गुण जितके जास्त पडतात, तितका नशिबाचा वाटा आपसूक धुऊन जातो. फुटबॉलमध्ये तो धुऊन जायला वेळच मिळत नाही. म्हणून 2018 मध्ये गतविजेता जर्मनी दक्षिण कोरियाकडून 0-2 हरून साखळीतच बाद होतो. म्हणूनच 2022 मध्ये सलग 36 सामने न हरलेला अर्जेंटिना पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून 1-2 मार खातो आणि पुढे तोच विश्वचषक उचलतो. फुटबॉल जगभर इतका आवडतो, त्यामागे ही अनिश्चितता आहे असं माझं मत आहे, पण तो वाद वेगळा.

ताकद किती, हे ठरवायचं कसं? बुद्धिबळवाल्यांकडून उसनी घेतलेली रीत आहे. आर्पाद एलो या मूळच्या हंगेरियन, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने ती बुद्धिबळासाठी बसवली. फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिफाने ती ऑगस्ट 2018 पासून आपल्या क्रमवारीसाठी घेतली. प्रत्येक संघाच्या नावावर गुण असतात. सामन्याआधी दोघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्षात त्याहून बरं झालं तर गुण वाढवायचे, वाईट झालं तर कापायचे. फिफाच्या सूत्रात 200 गुणांचा फरक असला, तर वरच्या संघाकडून अपेक्षा साधारण 68 टक्क्यांची. सामना जितका महत्त्वाचा, तितके गुण जास्त हलतात: मैत्रीपूर्ण सामन्याला 5 किंवा 10 चं वजन, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे 60 चं. पेनल्टी शूटआउटवर जिंकलेल्याला पाऊण विजय धरतात, हरलेल्याला अर्धा. म्हणजे शूटआउट ही कसोटी कमी आणि निकाल लावायची सोय जास्त, हे फिफालाही आतून मान्य दिसतं.

त्याआधीची फिफाची पद्धत फारच कच्ची होती. 2014 चा यजमान म्हणून ब्राझीलला पात्रता सामने खेळावेच लागले नाहीत. नुसते मैत्रीपूर्ण सामने खेळून गुण मिळेनात आणि जून 2013 मध्ये ब्राझील 22 व्या क्रमांकावर घसरला. त्याच महिन्याअखेरीस कॉन्फेडरेशन्स कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी तेव्हाच्या जगज्जेत्या स्पेनला 3-0 हरवलं. तेव्हा कोणी फिफाची जुनी क्रमवारी पुढे करून तावातावाने बोलायला लागला, तर त्याला खुशाल बोलू द्यावं.

आता बाद फेरी. वरच्या हिशोबातला दुप्पट ताकदीचा संघ घ्या. बरोबरीतले सामने जादा वेळेत नाहीतर पेनल्टीवर निघतात आणि त्यात त्याला निम्म्याहून थोडं जास्त यश धरलं, तर एक बाद सामना पार करण्याची शक्यता होते सुमारे 71 टक्के. ऐकायला भरभक्कम. पण 32 संघांच्या विश्वचषकात असे चार सामने ओळीने जिंकावे लागत. 71 टक्क्यांचा चार वेळा गुणाकार केला की उरतात 25. 2026 पासून स्पर्धा 48 संघांची झाली: 12 गट, प्रत्येकातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे उत्तम आठ, असे 32 संघ बाद फेरीत. म्हणजे एक पायरी वाढली, पाच सामने झाले. पाचव्या गुणाकाराला उरतात 18. यात अजून साखळीतच बाद होण्याचा धोका धरलेला नाही. शिवाय पाचही प्रतिस्पर्धी निम्म्या ताकदीचे मिळतील, हेही आपण उदार मनाने गृहीत धरलं आहे. उपांत्य फेरीत समोर फ्रान्स नाहीतर स्पेन उभा असतो, तिथे 71 कुठले?

कोण कोणाच्या वाट्याला येईल, याच्या इतक्या शक्यता होतात की कागदावर हिशोब आवरत नाही. म्हणून संगणकाकडून स्पर्धाच खेळवून घेतात. प्रत्येक सामन्याला दोन्ही संघांचे गोल प्वासाँच्या सूत्राने यदृच्छेने काढायचे, गटांची कोष्टकं लावायची, बाद फेरी खेळवायची, विजेता टिपायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं लाखभर वेळा. त्यातल्या 18 हजार वेळा ब्राझील जिंकला, तर शक्यता 18 टक्के. या रीतीला मोंटे कार्लो म्हणतात. स्टानिस्लाव उलाम हा गणिती 1946 मध्ये आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते लावत बसायचा. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजावं, असं त्याच्या मनात आलं. लॉस अ‍ॅलामॉसच्या अण्वस्त्र-प्रयोगशाळेत फॉन नॉयमन या गणितीबरोबर त्याने ती कल्पना अणुबॉम्बच्या गाभ्यातल्या न्यूट्रॉनसाठी वापरली. नाव पडलं ते मोनॅकोतल्या मोंटे कार्लो इथल्या जुगाराच्या अड्ड्यावरून, कारण उलामच्या एका काकाला तिथे जायचा नाद होता.

ब्राझीलच्या भक्तांचं खरं दुखणं निराळं आहे. 2002 मध्ये पाचवा चषक घेतला, त्यानंतर काही नाही. 2006 ला फ्रान्स, 2010 ला नेदरलँड्स, 2014 ला जर्मनी, 2018 ला बेल्जियम, 2022 ला क्रोएशिया. पाच वेळा गेले, पाचही वेळा युरोपातल्या कोणीतरी घरी पाठवलं. यावर मांगरातलं निदान ठरलेलं: पोरं पैशाला लागली, सांबा संपला, कोणाची तरी दृष्ट लागली. हिशोब काय म्हणतो? दर वेळी ब्राझीलला सढळ हाताने 20 टक्के देऊ. म्हणजे न जिंकण्याचे 80. पाच वेळा गुणले की 33. सगळं काही ठीक असतानाही सलग पाच स्पर्धा रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता तीनांत एक! यासाठी दृष्टीची गरज नाही. ब्राझीलचा खेळ उतरला असेलही, पण केवळ हे पाच निकाल दाखवून ते सिद्ध होत नाही.

9 डिसेंबर 2022 चा क्रोएशियाविरुद्धचा सामनाच बघा. गोलरक्षक लिवाकोविच ब्राझीलचे फटके एकामागून एक अडवत राहिला. जादा वेळेतल्या पहिल्या सत्राच्या अगदी शेवटी नेमारने कोंडी फोडली. मग 117 व्या मिनिटाला पेत्कोविचने मारलेला चेंडू मार्किन्योसच्या पायाला लागून दिशा बदलून आत गेला. दोन तासांत क्रोएशियाचा गोलच्या रोखाने गेलेला तो एकमेव फटका. शूटआउटमध्ये रॉद्रिगोची पेनल्टी अडवली गेली, मार्किन्योसची खांबावर आदळली आणि सामना 4-2 असा गेला. पाय दोन इंच इकडे असता तर? असल्या जर-तरवर अख्ख्या देशाच्या फुटबॉलचं निदान करणं म्हणजे धाडसच.

मात्र आकडेवाल्यांचीही झाकली मूठ उघडायला हवी. 2014 मध्ये घरच्या मैदानाचा फायदा धरून नेट सिल्व्हरच्या फाइव्हथर्टीएट या आकड्यांवरून अंदाज बांधणाऱ्या अमेरिकन संकेतस्थळाने स्पर्धेआधी ब्राझीलला 45 टक्के दिले होते. त्या वेळेपर्यंत सहा यजमानांनी चषक जिंकला होता, त्यामुळे फायदा धरणं चुकीचं नव्हतं. पण 45 मला तेव्हाही डोईजड वाटले होते. उपांत्य सामन्याआधी नेमारचा मणका दुखावला, कर्णधार थियागो सिल्वावर एका सामन्याची बंदी आली आणि बेलो ओरिझोंतीत जर्मनीने 7-1 असा धुव्वा उडवला. त्यातले चार गोल 23 ते 29 या मिनिटांतले. इथे प्वासाँचं सूत्र लंगडं पडतं. ते मानतं की एका गोलाचा पुढच्या गोलाशी संबंध नाही. माणसांचं तसं नसतं. दुसरा गोल बसला की बचावफळीचे पाय जड होतात. 0-0 आणि 1-1 सारख्या निकालांतही सूत्र थोडं चुकतं, म्हणून डिक्सन आणि कोल्स या दोन संख्याशास्त्र्यांनी 1997 मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली, ती आजही वापरतात.

शिवाय 1930 ते 2022 या काळात विश्वचषक झाले अवघे 22. इतक्या तुटपुंज्या नोंदीवर कोणाचा अंदाज बरोबर हे ठरत नाही, म्हणून सूत्रं तपासायची तर हजारो इतर आंतरराष्ट्रीय सामन्यांवर. 20 टक्के म्हटलेल्या गोष्टी शंभरात वीसच्या आसपास घडल्या, की आकडा प्रामाणिक. आणि त्या 22 चषकांचे मानकरी फक्त आठ देश आहेत. पाच-सहा बड्या संघांना प्रत्येकी 10 ते 18 टक्के दिले, की बाकी सगळ्या जगासाठी फारसं उरत नाही. तेव्हा पैज लावायचीच असेल, तर "ब्राझील" म्हणण्यापेक्षा "नेहमीच्या सहांपैकी कोणीतरी" म्हणा. अर्थात अशी पैज कोणी घेणार नाही.

या गप्पांत एखादं शाळकरी पोर हटकून विचारतं: "आणि आपलो भारत?" मोठी माणसं हसतात. हसण्यासारखं काही नाही. 2018 ला विश्वचषक खेळलेल्या आइसलँडची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांजवळ होती. त्या आइसलँडने पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाला 1-1 रोखलं आणि मेस्सीची पेनल्टी अडवली. भारतासाठी चषक जिंकण्याचा हिशोब आज मांडण्यात अर्थ नाही. मांडायचा तो पात्रतेचा, आणि 48 संघ झाल्यापासून आशियाला थेट आठ जागा आहेत.

11 जून 2024 ला दोह्यात, 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात, कतारविरुद्ध छांगतेच्या गोलाने भारत 1-0 पुढे होता. 73 व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि गोल झाला. पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याची सोय) नव्हतं, पंचांनी गोल दिला. नंतर कतारने आणखी एक केला. गटातल्या पहिल्या दोघांना पुढची फेरी मिळणार होती. कुवेत 7 गुणांवर दुसरा आला, भारत 5 वर अडकला. सामना 1-0 वर संपला असता, तर भारताचे 8 झाले असते.