लाँग लीफची लाकूडगिरणी

लाँग लीफ : अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, अलेक्झांड्रिया शहराच्या दक्षिणेस फॉरेस्ट हिलजवळ असलेले गिरणीचे गाव. केलेब क्रोवेल आणि अलेक्झांडर स्पेन्सर यांनी १८९२ मध्ये येथे लाकूड कापण्याची गिरणी काढली. गावाला नाव मिळाले ते लांब सुयांच्या पाइन झाडावरून. याचे लाकूड सरळ, जड आणि राळेने भरलेले. पूल, गोद्या, कारखान्यांच्या तुळया यांसाठी त्याला मोठी मागणी होती.

राळ हीच तोडणाऱ्यांची डोकेदुखी. दोघांनी ओढायची करवत चार हात चालली की चिकटून बसे. म्हणून रॉकेलची बाटली जवळ बाळगत आणि बुचाऐवजी पाइनच्या सुया कोंबत, म्हणजे पात्यावर थेंब थेंब शिंपडता येई.

१९०५ मध्ये गिरणीची रेड रिव्हर अँड गल्फ ही रेल्वे स्थापन झाली. अशा रेल्वेचा मुख्य मार्ग कायमचा असला, तरी जंगलात शिरणारे फाटे तात्पुरते असत : खडी नाही, स्लीपर थेट मातीवर. एक पट्टा तोडून झाला की रूळ उचलून पुढच्या पट्ट्यात नेत. पावसाळी चिखलात मार्ग खचे आणि डबे घसरत.

ओंडके रुळांपर्यंत आणायला वाफेचे ‘स्किडर’ यंत्र होते. त्याचे तारदोर जंगलातून ओंडके फरफटत आणत. वाटेत येणारी कोवळी झाडे मोडून जात. जंगल पुन्हा उभे न राहण्याचे एक मोठे कारण हेच. ‘मॅकगिफर्ट’ लोडरची रचना मात्र खरोखर हुशारीची. हे यंत्र रुळांवरून स्वतः चालत येई, चार पाय रुळांच्या दोन्ही बाजूंना टेकवी आणि आपली चाके वर उचलून घेई. मग रिकामे डबे त्याच्या पोटाखालून सरकत. डबा भरला की पुढचा ओढायचा, एवढेच काम.

गिरणीशेजारी ओंडक्यांचे तळे असे. पाण्यात लाकडावर निळी बुरशी धरत नाही, किडा लागत नाही आणि सालीतली वाळू धुऊन निघते. वाळूने करवतीचे दात बोथट होतात. बुंध्याकडचे राळेने जड झालेले ओंडके कधी थेट तळाशी जात. तळ्यातून साखळीने ओंडका वर चढे, मग वाफेच्या जोरावर पुढेमागे धावणाऱ्या गाड्यावर बसे. करवतीच्या आवाजात बोलणे अशक्य, म्हणून कापणारा हाताच्या खुणांनी जाडी सांगे. पुढे कडा छाटणे, लांबी कापणे, भट्टीत सुकवणे, रंधा. भुसा आणि ढलप्या बॉयलरमध्ये जात, त्यामुळे इंधन विकत घ्यावे लागत नसे. करवतीला धार लावणारा कारागीर गिरणीतल्या सर्वांत मोलाच्या माणसांपैकी एक; पात्याला पडलेली बारीक चीर त्याच्या नजरेतून सुटली तर पाते तुटून काम थांबे.

दुसऱ्या महायुद्धात न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स नौकांसाठी, म्हणजे सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांसाठी, येथील लाकूड गेले. १४ फेब्रुवारी १९६९ रोजी गिरणी बंद पडली. यंत्रे विकली गेली नाहीत, भंगारातही गेली नाहीत. स्किडर, लोडर आणि वाफेची इंजिने आता तेथील सदर्न फॉरेस्ट हेरिटेज म्युझियममध्ये पाहायला मिळतात.