शेजारपाजाराचा विनोद घरच्या पडद्यावर: कॅसेटपासून 'एचडी'पर्यंत

जुने मराठी विनोदी चित्रपट 'एचडी', 'रिमास्टर्ड' असे शिक्के लावून पुन्हा घरोघरी येत आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलणारे बहुतेक लोक आधी सांगतात ते चित्र किती स्वच्छ दिसतं हे. चाळीच्या, वाड्याच्या, गल्लीच्या चित्रपटाला ही कसोटी पुरत नाही. अशा चित्रपटात हशा बऱ्याचदा चौकटीच्या कडेला पिकतो. मधे दोघं बोलत असतात आणि दाराआडून काकू डोकावते, जिन्यावर घरमालक थबकतो, गॅलरीतला शेजारी अर्धंच ऐकून भलताच समज करून घेतो. कड कापली की शेजारी जातो, आणि शेजारी गेला की प्रसंगातला निम्मा विनोद जातो. म्हणून घरी पाहायच्या आवृत्तीला आधी विचारायचं ते चित्र पुरं आहे का, स्वच्छतेचं नंतर. मराठवाड्यात हा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण इथल्या फार मोठ्या प्रेक्षकवर्गाने हे चित्रपट थिएटरात पाहिलेच नाहीत. टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, व्हीसीडी आणि मग मोबाइल, या वाटेने ते इथे आले.

या विनोदाचं मूळ शहरातल्या घरटंचाईत आहे. चिं. वि. जोशींच्या लेखनावरून मास्टर विनायकांनी १९४० मध्ये 'लग्न पहावे करून' केला, तेव्हाच मध्यमवर्गीय घर आणि त्यात डोकं खुपसणारे आप्तशेजारी पडद्यावर आले होते. १९५८ साली पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आली. १९७० मधल्या राजा ठाकूरांच्या 'मुंबईचा जावई'त नव्या जोडप्याला चाळीत घटकाभर एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट आहे, आणि ती इतकी खरी होती की बासू चटर्जींनी १९७२ मध्ये तिच्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त चार मित्रांचं सगळं सोंग भाड्याच्या जागेपायी आहे.

आपल्याकडे चाळ नव्हती. वाडा होता, गल्ली होती, एकाला एक लागून माळवदं होती. एका माळवदावरची बोलणी दुसऱ्या माळवदावर सहज ऐकू जात. त्यामुळे गिरगावातली गॅलरी न पाहिलेल्या माणसालाही ती ओसरीसारखी ओळखीची वाटली. चित्रपट पोचायला मात्र वेळ लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी चित्रपट वितरणाच्या नकाशात मराठवाडा 'निजाम सर्किट' या जुन्या निजामी मुलखाच्या वितरण विभागातच राहिला. मराठी निर्मात्याचा सगळा हिशेब मुंबई, पुणे आणि कोल्हापूरकडच्या थिएटरांवर बसलेला. इकडच्या तालुक्याच्या गावी प्रिंट, म्हणजे थिएटरात दाखवायची फिल्मची प्रत, यायची ती बऱ्याचदा तिकडे फिरून, ओरखडे पडून.

मग व्हिडिओ आला. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि रंगीत संच, व्हीसीआर घेण्याची लाट आली. व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही तर पैठण रस्त्यावरच्या चितेगावात बनू लागले. टीव्ही बनवणारं ठिकाण एसटीच्या अंतरावर असणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. तरी व्हीसीआर विकत घेणं फार थोड्यांना परवडे. तो रात्रीपुरता भाड्याने यायचा, गणपतीत, लग्नाच्या आदल्या दिवशी, बारशाला, आणि सोबत तीन कॅसेट. एक हिंदी मारधाडीचा, एक देवाचा आणि एक मराठी विनोदी. अंगणात सतरंज्या टाकून सगळी गल्ली बसे. शेजाऱ्यांवरचा चित्रपट शेजाऱ्यांसोबत पाहिला जाई, आणि माझ्या मते मराठी विनोदी चित्रपटाला इथे जे प्रेम मिळालं त्याचा पाया या रात्रींत आहे.

त्या कॅसेटमध्ये असायचं काय? व्हीएचएसवर, म्हणजे त्या काळच्या व्हिडिओ कॅसेटवर, चित्राचा तपशील इतका कमी की मागच्या रांगेतले चेहरे नुसते डाग दिसत. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की रंग पसरायचे, व्हीसीआरमधलं टेप वाचणारं हेड मळलं की पडद्यावर मुंग्या. आणखी एक बदल कुणाच्या लक्षात यायचा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडच्या 'पाल' या प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीवर २५ चौकटी लागतात. त्यामुळे व्हिडिओवर उतरताना चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने धावतो. दोन तासांचा ऐवज एक तास पंचावन्न मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा होतो. विनोदी नटाचं सारं कसब बोलताना कुठे किती थांबायचं यात असतं, तेव्हा हा फरक लहान म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

चोरट्या कॅसेटचा धंदा इतका वाढला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून कलम ५२ अ घालावं लागलं. व्हिडिओवर आणि त्याच्या वेष्टनावर तो काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाकडून परवानगी घेतल्याची घोषणा, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत देणं बंधनकारक झालं. आजही जुनी व्हीसीडी हातात आली की मी आधी पाठची बारीक अक्षरं वाचतो. ती नसतील तर आत काय मिळेल याचा भरवसा नाही.

याच काळात आपल्या बोलीतला विनोद आवाजाच्या कॅसेटवरून घरोघरी गेला, आणि पार्श्वभूमी सांगताना तो वगळणं अन्याय होईल. डॉ. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे एकट्या माणसाने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करून केलेलं काम. त्यातली माणसं मराठवाड्याच्या खेड्यातली, बोलणं इथलं, चिडणं-रुसणं इथलं. पडद्यावर इथली गल्ली जवळपास नसतानाच्या काळात ती टेपरेकॉर्डरमध्ये होती. शिवाय आवाजाला चौकटीची कड नसते, म्हणून त्या कॅसेटमध्ये शेजारी शाबूत राहिले.

व्हीसीडीचं मानक १९९३ चं, पण आपल्या बाजारात तिचा खरा काळ २००० नंतरचा. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं. म्हणून चित्रपट दोन तबकड्यांत तोडलेला, आणि तोड जिथे जागा संपेल तिथे. कुणी पलंगाखाली लपलेलं असताना तबकडी बदलायला उठावं लागे. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का शेवटपर्यंत, मधे दुसऱ्या व्हीसीडींच्या जाहिराती. तरीही स्वस्ताईपुढे हे सगळं चाललं. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा अधिकृत प्रत आणि चोरटी प्रत यांच्या किमतीतलं अंतर जवळपास मिटलं.

त्याच सुमाराला चंद्रकांत कुलकर्णींचा 'कायद्याचं बोला' (२००५) आला होता. दिग्दर्शक औरंगाबादच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढे आलेले, आणि मकरंद अनासपुरेंच्या तोंडी आपल्या भागाची लकब. त्याआधी ही लकब मराठी चित्रपटात बहुधा गड्याला नाहीतर गावंढळ पाहुण्याला मिळायची. आता ती नायकाची झाली. बोली नायकाला मिळणं आणि तबकडी मजुराच्या खिशाला परवडणं या दोन्ही गोष्टी पाठोपाठ आल्या, हे माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वळण आहे. एसटी स्टँडवरच्या टपरीवर मराठी विनोदी तबकड्यांची स्वतंत्र रांग लागण्याइतपत गिऱ्हाईक तयार झालं. भारनियमनाने मात्र या काळात छळलं. कितीतरी चित्रपटांचा शेवट दुसऱ्या दिवशी पाहिला गेला.

पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. बोटभर पडद्यावर एकेकट्याने पाहायचा चित्रपट. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

आता एचडीकडे येऊ. जुन्या चित्रपटांची एक पद्धत जवळपास चौकोनी चौकटीची, रुंदी उंचीच्या १.३७ पट. जुना टीव्हीही ४:३, म्हणजे १.३३ पट. त्यामुळे कॅसेट कितीही मळकी असली तरी अशा चित्रपटाची चौकट तिच्यात जवळपास पुरी यायची. सिनेमास्कोपची गोष्ट उलटी. ती चौकट २.३५ पट रुंद. जुन्या टीव्हीचा पडदा भरण्यासाठी ती कापली की शंभरातला सुमारे ४३ भाग बाहेर जातो. दोघांच्या प्रसंगात एक जण नुसता नाकापुरता उरायचा तो यामुळे. आजचा टीव्ही १६:९, म्हणजे १.७८ पट. स्कोप चित्रपटाला आता न्याय मिळू शकतो, वरखाली काळ्या पट्ट्या ठेवल्या तर. पण चौकोनी चित्रपट पडदा भरण्यासाठी ताणतात किंवा वरखाली कापतात. कापला तर जवळजवळ पाव चित्र जातं. वरच्या मजल्यावरून वाकून पाहणारी बाई त्या पाव भागात असते. मळक्या कॅसेटमध्ये होती, चकचकीत एचडीमध्ये नाही. चौकोनी चित्र पुरं दाखवलं की डाव्या-उजव्या बाजूला ज्या काळ्या पट्ट्या उरतात त्या ज्यांना खटकतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या पट्ट्या राहू द्या.

कापाकापी ओळखण्याची खूण चित्रपटातच सापडते. सुरुवातीला दाखवतात त्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. म्हणजे ३,८०० मीटरचा चित्रपट सुमारे १३८ मिनिटांचा, आणि पालच्या वेगाने सुमारे १३३ मिनिटांचा. हातातली आवृत्ती १२० मिनिटांत संपली तर काहीतरी काढलंय हे नक्की. आधी गाणी जातात, नंतर मुख्य कथेशी संबंध नसलेले प्रसंग. शेजारपाजाराच्या चित्रपटात ते प्रसंग म्हणजेच शेजारपाजार. प्रमाणपत्रच उडवलं असेल तर तपासायचा मार्गच बंद होतो, म्हणून तेवढी काही सेकंदं ठेवणाऱ्या कंपनीबद्दल मला आदर वाटतो.

बाकीच्या खुणा डोळ्यांना दिसतात. उजव्या वरच्या कोपऱ्यात मधूनमधून ठिपका चमकला तर ते रीळ बदलण्याचं चिन्ह. स्रोत थिएटरात फिरलेली प्रिंट आहे. हालचालीच्या वेळी आडव्या कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर जुनी व्हिडिओ टेपच फुगवून एचडी म्हणून दिली आहे. चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले तर फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, पुसताना तपशीलही पुसला गेला. सगळं चित्र गुलाबी दिसलं तर उडालेले रंग कुणी दुरुस्त केले नाहीत. पुन्हा पाहताना आवाजाकडेही कान द्यावा. गॅलरीतला कालवा हा मूळ ध्वनीचा भाग असतो आणि खरखर काढण्याच्या नादात तो मागे दबतो, मग पाच-सहा बिऱ्हाडांचा वाडा रिकाम्या खोलीसारखा ऐकू येतो.