सिझेरियनआधीचा उपास आणि नंतरची पहिली पेज : नियम आले कुठून?

तारीख ठरवून केल्या जाणाऱ्या सिझेरियनच्या आदल्या दिवशी अनेक रुग्णालयांत आजही एकच सूचना मिळते : रात्री बारानंतर काही खायचे नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. शस्त्रक्रिया सकाळी आठची असो वा दुपारी एकची, बारा म्हणजे बारा. या सूचनेमागची भीती खरी आहे; मात्र ती भूल देण्याच्या ज्या पद्धतीतून आली, ती पद्धत ठरवून केलेल्या सिझेरियनपुरती आता बरीच मागे पडली आहे.

एडिंबरोत डॉक्टर जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले, आणि बेशुद्ध रुग्णाला उलटी होऊन ती श्वासमार्गात गेली तर काय, हा प्रश्न त्यापाठोपाठ आलाच. १८८३ मध्ये शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी सुचवले, की भूल देताना पोटात घन अन्न नसावे, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचे पातळ सूप देण्यास हरकत नाही. घन आणि पातळ यांतला हा भेद पुढे पुसला गेला, याला मुख्यतः न्यूयॉर्कमधील एक अभ्यास कारणीभूत ठरला.

तिथल्या लाइंग-इन या प्रसूती रुग्णालयातील डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. भूल दिलेली असताना पोटातले श्वासमार्गात गेल्याच्या ६६ घटना त्यांना आढळल्या. दोन स्त्रिया दगावल्या, त्या घन अन्नाने श्वास कोंडून. पातळ द्रव फुफ्फुसात गेलेल्या बहुतेकींना धाप, निळेपणा असा गंभीर त्रास झाला, पण त्या वाचल्या. सशांवर प्रयोग करून मेंडेलसन यांनी दाखवले, की ही इजा पाण्याने नव्हे, तर जठरातील आम्लाने होते. तेव्हा भूल तोंडावर मुखवटा धरून दिली जाई आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची रीत सर्रास नव्हती. कळा सुरू झालेल्या स्त्रीला तोंडाने काही देऊ नये, आम्ल कमी करणारे औषध द्यावे, शक्य तिथे स्थानिक भूल वापरावी, अशा त्यांच्या अनेक शिफारशी होत्या. वैद्यकविश्वाने त्यांतली पहिली घट्ट धरली आणि ती कळा न येता शस्त्रक्रियेला येणाऱ्या स्त्रियांनाही लावली. कडक नियम पाळून घेणे सोपे असते, हेही त्याचे एक कारण असावे.

आज अशा सिझेरियनसाठी सहसा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात; आई जागी असते, खोकू शकते. तरीही क्वचित पूर्ण भूल द्यावी लागते, शिवाय गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, म्हणून घन अन्नावरील सहा ते आठ तासांची बंदी कायम आहे. कळा सुरू नसताना पाणी मात्र पोटातून लवकर पुढे सरकते. म्हणूनच अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये स्वच्छ, म्हणजे पारदर्शक, द्रवांसाठी दोन तासांची मर्यादा दिली. पाणी, गर नसलेला फळांचा रस आणि कोरा चहा त्यात बसतात. आपला नेहमीचा दुधाचा चहा बसत नाही, कारण दूध जठरात फाटून घट्ट होते. त्याची गणना हलक्या जेवणात, म्हणजे सहा तासांत होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या उपासाची गोष्ट वेगळी. ‘वारा सरला का?’ या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत बाळंतिणीला सलाइनवर ठेवण्याची रीत पोटाच्या इतर शस्त्रक्रियांतून आली, जिथे आतडे हाताळले किंवा कापले जाते. सिझेरियनमध्ये गर्भाशय उघडतात, आतड्याला सहसा धक्काही लागत नाही. गुंतागुंत नसलेल्या सिझेरियननंतर अन्नपाणी रोखून धरण्यास आधार सापडत नाही, असे २००२ मधील कॉक्रेन आढाव्याने, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याने, सांगितले. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा या विचारातून पुढे सिझेरियनसाठीही मार्गदर्शिका तयार झाली, आणि तिच्या २०१९ च्या भागात दोन तासांच्या आत नेहमीचा आहार सुरू करावा असे म्हटले आहे.

महाराष्ट्रातल्या घरांत मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही दुसरी चाळणी लागते. मऊ भात किंवा पेज चालेल, की भाताने टाके पिकतील? तुपाचे काय? टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने. त्याचा भाताशी किंवा तुपाशी संबंध नाही. आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू ही परंपरा नैसर्गिक बाळंतपणाच्या काळात घडली. पहिल्याच दिवशी तुपातला लाडू जड वाटला तर तो दोन दिवसांनी खावा. त्याआधी पेज, वरणभात, मुगाची खिचडी यांना बाळंतिणीच्या भुकेखेरीज दुसऱ्या परवानगीची सहसा गरज नसते. मधुमेह असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा आतड्याला इजा झाली असेल, तर हे वेळापत्रक डॉक्टर ठरवतात.