भीमाशंकर : वनभ्रमंती आणि तिचे नियोजन

भीमाशंकर हे पुणे जिल्ह्याच्या खेड आणि आंबेगाव तालुक्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेले तीर्थक्षेत्र. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. मंदिराभोवतीचे दाट रान हा त्याचा तितकाच मोठा ठेवा आहे. १९८५ मध्ये या रानाला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. १३०.७८ चौ. किमी. क्षेत्राचे हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. त्याचा माथा देशावर, तर पायथा कोकणात. ही उभी मांडणी लक्षात घेतली की सहल आखणे सोपे जाते. वरून यायचे की खालून, कोणत्या दिवसांत यायचे आणि रात्र कुठे काढायची, एवढे तीनच प्रश्न उरतात. बहुतेक जण ते स्वतःला विचारतच नाहीत. वाहनतळावर गाडी लावायची, पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचे आणि दुपारच्या आत घाट उतरायला लागायचे, असा रिवाज पडला आहे. त्यात रान राहून जाते. या नोंदीत रानासाठी येणाऱ्यांचा विचार प्रामुख्याने केला आहे.

रान आणि शेकरू

जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा यांची इथली सदाहरित व निमसदाहरित झाडी पुष्कळ अंशी देवाच्या नावाने राखली गेली. देवराईतली फांदी तोडायची नाही, हा दंडक इथल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. मंदिराच्या आसपास आणि आहुप्यासारख्या गावांच्या शिवारात त्या देवराया आजही पाहायला मिळतात. बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर हे इथले प्रमुख रहिवासी. पण ते दिसतीलच असा भरवसा धरून येऊ नये. पानगळीखालच्या ओल्या मातीत देवगांडुळासारखे उभयचर राहतात. पावसाळ्यात झुडपांवर चापडा जातीचे हिरवे विषारी साप बसलेले असतात, म्हणून आधारासाठी फांदी धरण्याआधी ती नीट पाहावी.

शेकरू ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि ती पाहण्यासाठी भीमाशंकरसारखी जागा नाही. पाठ तांबूस विटकरी, पोट पिवळसर, शेपटीचे टोक फिकट. शेपटीसकट लांबी तीन फुटांच्या घरात जाते. शेकरू आधी ऐकू येते, मग दिसते. उंच शेंड्यातून खडखडल्यासारखा कर्कश आवाज आला की चालणे थांबवावे आणि वर पाहत उभे राहावे. थोड्या वेळाने एखादी फांदी वाऱ्याशिवाय हलते, आणि मागच्या पायांनी फांदीला उलटे लटकून पुढच्या पायांत फळ धरून खाणारे शेकरू नजरेस पडते. काटक्या आणि पाने गुंफून केलेली त्याची गोल घरटी बारीक फांद्यांच्या टोकांशी असतात, कारण जड शिकारी प्राणी तिथवर पोचू शकत नाही. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधते. त्यामुळे दिसलेल्या प्रत्येक घरट्यात ते असेलच असे नाही.

शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उड्या घेतच त्याचे आयुष्य जाते. म्हणून फांदीला फांदी भिडलेली असणे हीच त्याची वाट. रस्ता रुंद झाला, दुकानांची ओळ लांबली, की ती वाट तुटते. भीमाशंकरच्या रानाला वणवा आणि कुऱ्हाड यांइतकाच धोका या तुटण्याचा आहे, आणि गर्दीच्या दिवशी गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो. एस. टी. ने येणे किंवा पायी चढून येणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

खालून आणि वरून येणाऱ्या वाटा

कोकणातून येणाऱ्यांचे प्रस्थान खांडस या गावातून होते. ते रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आहे. कर्जतपर्यंत रेल्वे, तिथून कशेळेमार्गे खांडसला रिक्षा किंवा टमटम. गावापुढे वाट दुभंगते. एक गणेश घाटाची, वळसे घेत जाणारी, लांब पण सोपी. दुसरी शिडी घाटाची. शिडी घाटात कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पायऱ्या गुळगुळीत, खाली दरी मोकळी, आणि पाऊस पडत असेल तर शिडीच्या शेजारून पाण्याची धार येते. पावसात ही वाट निवडू नये, पहिल्यांदा येणाऱ्याने तर कोरड्या दिवसांतही जाणकार सोबती असल्याशिवाय निवडू नये. गणेश घाटाने वर जायला पाच-सहा तास धरावेत. चढ आठशे-नऊशे मीटरचा आहे.

दोन्ही वाटा मध्यावर, पदरवाडीच्या सपाटीवर एकत्र येतात. सह्याद्रीच्या कड्याला अर्ध्या उंचीवर जी सपाट पायरी असते तिला इथले लोक पदर म्हणतात; पदरवाडी आणि शेजारचा पदरगड ही नावे त्यावरूनच आली. पदरावर पोचले की निम्मे झाले असे वाटते, पण खरी चढण पुढेच असते. ती भर झाडीतून जाते, त्यामुळे उन्हाचा त्रास कमी होतो. पदरावर पोचायला दुपार झाली असेल तर वर न जाता परत फिरावे. अंधारात या रानात ढोरवाटा आणि पायवाट यांतला फरक कळत नाही.

वरून येणारी, आणि कमी लोक निवडतात अशी, एक सुरेख वाट भोरगिरीची आहे. राजगुरुनगरहून चास, वाडा या मार्गाने भोरगिरीला जाता येते. तिथले कोटेश्वराचे मंदिर आणि भोरगिरी किल्ल्याच्या पोटातली लेणी पाहून भीमेच्या खोऱ्यातून, गुप्त भीमेवरून भीमाशंकर गाठायचे. तीन-चार तासांची ही चाल आहे, चढ बेताचा आणि सावली बहुतेक सलग. मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर हीच वाट घ्यावी. भीमेचा उगम मंदिराजवळ मानतात. काही अंतर लुप्त होऊन ती रानात पुन्हा प्रकटते, म्हणून त्या जागेला गुप्त भीमा हे नाव. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून जिच्यात वारकरी स्नान करतात आणि सुमारे ८६० किमी. वाहून जी कर्नाटकात कृष्णेला मिळते, ती नदी इथे एका ढांगेत ओलांडता येते.

गाडीरस्त्याने पुण्याहून अंतर सुमारे ११० किमी. भरते. मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर हा नेहमीचा मार्ग.

दिवस कोणते निवडावेत

श्रावण आणि महाशिवरात्र हे यात्रेचे दिवस. तेव्हा वाहने बरीच अलीकडे थांबवून भाविकांना एस. टी. ने वर नेतात. ज्याला रान पाहायचे आहे त्याने हे दिवस यात्रेकरूंना सोडावेत. जून ते सप्टेंबर धुके इतके असते की कोकणकड्यावर उभे राहून समोर फक्त पांढरे दिसते. पण झरे, शेवाळ, बेडूक आणि पहाटे शीळ घालणारा कस्तूर अनुभवायचा तर हेच दिवस. काळोख्या पावसाळी रात्री कुजक्या ओल्या काटक्यांवरची बुरशी फिकट हिरवट उजळते. विजेरी बंद करून डोळे अंधाराला सरावले की मगच ती दिसते. त्यासाठी वनखात्याच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्याबरोबरच जावे. अभयारण्यात रात्री आपल्या मर्जीने हिंडता येत नाही.

पावसाळ्यात घाटवाटा आणि धबधबे बंद ठेवण्याचे आदेश जिल्हा प्रशासन वेळोवेळी काढते. निघण्याच्या आदल्या दिवशी ते पाहून घ्यावेत, आणि ते पाळावेत. ३० जुलै २०१४ रोजी याच डोंगररांगेतल्या, डिंभे धरणाच्या परिसरातल्या माळीण गावावर पहाटे डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अतिवृष्टीचा इशारा असताना इथे येणे म्हणजे स्वतःबरोबर मदतीला धावणाऱ्या गावकऱ्यांचाही जीव धोक्यात घालणे आहे.

सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. हवा स्वच्छ असते, ओढ्यांना पाणी असते आणि नागफणीच्या टोकावरून पदरगडासह खालचे कोकण उलगडते. कारवीचा बहर मात्र सात-आठ वर्षांनी एकदाच येतो. तो साधला तर डोंगराच्या डोंगर जांभळे झालेले दिसतात. फेब्रुवारीनंतर वाटेवरचे पाणी आटते, तेव्हा माणशी निदान तीन-चार लिटर पाणी पाठीवर हवे. उन्हाळ्यात कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्याजवळ धूर, सुवासिक अत्तरे आणि आरडाओरडा टाळावा. मेच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या सरींनंतर काजव्यांनी झाडे लुकलुकतात.

मुक्काम आणि गावे

मंदिराजवळ धर्मशाळा व लॉज आहेत, पण रानाचा आवाज ऐकायचा तर आसपासच्या गावांत घरगुती सोय पाहावी. या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा एवढे जेवण पुरेसे होते, फक्त आधी कळवावे. दहा माणसे अचानक दारात उभी राहिली तर घरातल्या बाईची धावपळ होते. वाटाड्या गावातलाच घ्यावा. कोणत्या ओढ्याला काल किती पाणी होते हे त्याला ठाऊक असते, नकाशाला नसते. मोबाइलची रेंज जागोजागी तुटते, तेव्हा आपण कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे गावात सांगून निघावे. संकटात ११२ क्रमांक लागेल तिथून लावावा.

सोबत नेलेले प्लास्टिक परत न्यावे. माकडांना खाऊ देऊ नये. एकदा चटावलेली माकडे मग पिशव्या हिसकावतात. उन्हाळ्यात इथल्या अंगणांत काळपट, मनुकेएवढी फळे पसरलेली दिसतात. तो बाळहिरडा. बी धरण्याआधीची हिरड्याची ही कोवळी फळे गोळा करून, वाळवून विकली जातात, आणि भातशेतीइतकाच त्यावर अनेक घरांचा वर्षाचा खर्च भागतो. अंगणातून वाट जात असली तरी त्या वाळवणाला वळसा घालून जावे.