पाइपचा तंबाखू वाळवणं

पाइपचा तंबाखू वाळवणं म्हणजे डब्यातून काढलेला ओलसर तंबाखू पाइपात भरायच्या आधी थोडा वेळ उघडा ठेवायचा आणि त्यातलं जास्तीचं पाणी उडू द्यायचं. पापड-कुरड्यांसारखा खडखडीत करायचा नसतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नागपुरात वाळवण म्हटलं की माणूस सरळ गच्चीच गाठतो.

डब्यातला तंबाखू ओला असतो त्याला कारण आहे. कोरडं पान कापताना, दाबताना चुरा होतं म्हणून कारखान्यातच त्याला ओल देऊन नरम करतात आणि बऱ्याचदा तसंच पॅक करतात. वर सुगंधी तंबाखूत प्रॉपिलीन ग्लायकोल किंवा ग्लिसरीन घालतात, ते पाणी धरून ठेवतं. नव्या डब्यात साधारण 18-20 टक्के ओलावा सहज असतो आणि ओढायला बहुतेकांना 12 ते 14 टक्के बरा वाटतो. पण घरी टक्के कोण मोजतो, सगळा कारभार बोटांवरच चालतो.

ओला तसाच भरला तर काय होतं? आचेची अर्धी ताकद पाणी उडवण्यातच जाते, तंबाखू सारखा विझतो, काडीवर काडी जाते, विझू नये म्हणून माणूस जोरजोरात झुरके मारतो आणि मग गरम वाफ सरळ जिभेवर येते. जीभ पोळते ती अशी, आणि नवखा माणूस दोष देतो तंबाखूच्या ब्रँडला. त्यात व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूच्या पानात साखर जास्त, ते तर घाईला अजिबात माफ करत नाही. हीच वाफ पुढे दांड्यात थंड होऊन साचते आणि पाइप हुक्क्यासारखा गुडगुड करायला लागतो, शेवटी तळाशी काळा ओला गाळ उरतो तो वेगळाच. उलट फारच वाळला तर भरभर जळतो, धूर गरम येतो आणि चव उडून जाते.

परीक्षा सोपी आहे. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत दाबायचा आणि सोडायचा. गोळा तसाच राहिला तर ओला आहे, दाबताना कुरकुर वाजला तर जास्त वाळला, आणि दबून हळूहळू परत मोकळा झाला तर भरा. काही जण गालाला लावून बघतात, गार लागला तर पाणी अजून आहे. सुगंधी तंबाखूत मात्र ही परीक्षा फसते, ग्लायकोलमुळे तो कितीही वेळ ठेवला तरी चिकटच लागतो, मग हाताचं ऐकू नये, थोडा वेळ ठेवून सरळ भरावा.

कापणीवरही वेळ ठरते. शॅग म्हणजे अगदी बारीक कापलेला तंबाखू पाहता पाहता वाळतो, रिबनला म्हणजे फितीसारख्या कापाला थोडा वेळ लागतो, आणि फ्लेक म्हणजे दाबून पट्ट्या कापलेला तंबाखू तर आधी तळहातावर चोळून मोकळा करावा लागतो, नाहीतर वरून कोरडा आणि आतून ओला राहतो. प्लग (दाबून केलेली वडी) किंवा रोप (दोरीसारखा पिळलेला) असेल तर आधी पातळ काप काढायचे. ठेवायला कोरा कागद किंवा स्टीलचं ताट घ्या, पेपर नको, शाईचा वास लागतो.

पाइपवाल्या पुस्तकी सल्ल्यात 'अर्धा तास ठेवा' असं असतं ते थंड देशांचं घड्याळ आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा 45 च्या आसपास आणि हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते, तेव्हा घरातल्या सावलीतसुद्धा दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मी एकदा नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, छान फ्लेक मोकळा करून गच्चीवर कुरड्यांच्या बाजूला ठेवला आणि खाली चहा प्यायला गेलो, वर आलो तर अर्धा वाऱ्यानं उडालेला आणि उरलेला तपकीर म्हणून नाकात ओढायच्या लायकीचा, वरून आईची बोलणी. त्याच दिवसांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावलेल्या खोलीत ठेवला तर उलटं होतं, कूलर हवेत पाणीच सोडतो, तिथे तासाभरानेही फारसा फरक पडत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये चिवडा सादळतो तसा तंबाखूही सादळतो, तेव्हा टेबल लॅम्पखाली ठेवणं हाच उपाय. मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद फिरवणारे लोकही आहेत पण एका बाजूनं करपतो आणि घरभर वास सुटतो.

ओलं करा मग वाळवा हा प्रकार विदर्भाला नवा नाही. गडचिरोली-गोंदियाकडचं तेंदूपान उन्हात वाळवतात, बिडी वळायच्या आधी परत ओलं करतात म्हणजे ते मोडत नाही, आणि वळलेल्या बिड्या पुन्हा शेकतात. पाइपवाला तेच घरी करतो, फक्त शेकण्याऐवजी वाट पाहतो. खर्ऱ्याचा, म्हणजे इकडच्या सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणाचा, याच्याशी संबंध नाही, तो पन्नीत घोटून तोंडात जातो.

वाळवल्यानं तंबाखू कमी घातक होत नाही, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका पाइपलाही आहेच.

जास्त वाळला तर परत नरम करता येतो, वाडग्यात ठेवून वर ओलसर फडकं झाकायचं, पण तंबाखूला लागू द्यायचं नाही आणि अधूनमधून हलवत राहायचं. डब्यात संत्र्याची साल टाकायची आयडिया मात्र इथे प्रत्येकाला कधी ना कधी सुचतेच, घरात डिसेंबर-जानेवारीत सालींचा ढीग असतो ना. ओल येते खरी, पण चार दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि मग अख्खा डबा फेकावा लागतो.